सर्वसामान्य कौशल्याचा साडू

पेटंट कचेरीचा नकार आला तेव्हा चष्मेवाले एका गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची दांडी वाकवून बसवत होते. त्यांनी एका हाताने दांडी धरली, दुसऱ्या हाताने कागद धरला आणि वाचता वाचता दांडी जरा जास्तच वाकवली. ते गिऱ्हाईक त्या दिवशी एक भुवई उंचावल्यासारखा चेहरा घेऊन घरी गेलं आणि तिथे त्याला ‘एवढी कसली शंका आलीय तुम्हाला?’ असं विचारलं गेलं म्हणे.

नकार लांबलचक होता, पण सगळा जोर एका वाक्यावर होता. ‘या धंद्यातल्या सर्वसामान्य कौशल्याच्या कुणाही माणसाला हे उघडच सुचलं असतं.’

नुसत्या नकाराचं चष्मेवाल्यांना काही वाटलं नसतं. दुकानात ते दिवसभर नकारच ऐकत. फ्रेम जड आहे, फ्रेम हलकी आहे, ह्या फ्रेममध्ये मी माझ्या आत्यासारखी दिसते. पण ‘कुणाही’ हा शब्द जिव्हारी लागला. तो त्यांनी आधी एकदा ऐकला होता, आणि तोही कचेरीत नव्हे, स्वतःच्या घरात, स्वतःच्या साडूच्या तोंडून.

शोध काय होता ते सांगायला हवं. तो सांगायला फार वेळ लागत नाही, हेच चष्मेवाल्यांचं दुर्दैव. टीव्हीच्या पडद्यावर कार्यक्रमांची लांब यादी येते. रिमोटचं बटण दाबलं की निवडीची चौकट एका नावावरून दुसऱ्या नावावर उड्या मारत खाली जाते. तळाला पोचली की सगळं पान एकदम पालटतं आणि चौकट वर कुठेतरी दडून बसते. मग घरातली माणसं माना पुढे काढून तिला शोधतात. ‘ती बघा, ती बघा’ म्हणेपर्यंत कुणीतरी घाईने बटण दाबतं आणि कुणालाच नको असलेला कार्यक्रम सुरू होतो. चष्मेवाल्यांनी चौकट पडद्याच्या मधोमध खिळवून टाकली आणि तिच्याखालून यादी सरकवली. बटण हलकेच दाबलं तर एकेक नाव सरकतं, दाबून धरलं तर यादी पळते, सोडलं की जवळच्या नावावर अलगद येऊन टेकते. डोळे आपले जिथल्या तिथे.

हे सुचलं ते धंद्यामुळेच. जवळचं वाचायची तपासणी करताना ते गिऱ्हाइकाला मान हलवू देत नसत. भिंग तसंच धरून खालचं अक्षरांचं कार्ड बोटाने सरकवत. एका संध्याकाळी घरी टीव्हीवरची चौकट हरवली, बायको म्हणाली, ‘गेली वाटतं पुन्हा,’ आणि त्यांचं बोट सोफ्याच्या हातावर आपोआप कार्ड सरकवू लागलं. पुढे नमुना जोडायला शेजारचा टीव्ही दुरुस्तीवाला उपयोगी पडला.

तो नमुना घरात पहिल्यांदा हाताळला साडूंनी. हे साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रिमोट बनवणाऱ्या कारखान्यात सारी नोकरी काढून, तिथल्या आराखडा विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत. सुरुवात कुणी केली ते कुणाला आठवत नाही, पण त्यांना स्वतःला ती सवय सर्वांत आधी लागली होती. साहेबांनी रिमोट घेतला. यादी वर नेली, खाली नेली, परत वर नेली. बराच वेळ नेली. चहा गार झाला. मग रिमोट खाली ठेवून ते म्हणाले, “हॅ! हे तर कुणालाही सुचलं असतं.”

आणि आता तेच सरकारी शिक्क्यानिशी.

“पण आधार काय दिलाय त्यांनी?” बायकोने विचारलं.

“दोन जुनी पेटंटं काढलीत. एकात चौकट आहे, ती हिंडते. दुसऱ्यात मजकूर सरकतो, पण तिथे चौकटच नाही. परीक्षक म्हणतात, दोन्ही शेजारी ठेवली की तुमचा शोध झाला. अगं, मग नवरा आधीपासून होता, बायकोही आधीपासून होती, म्हणून काय लग्न उघडच होतं?”

“आपलं तरी नव्हतं,” बायको म्हणाली. “माझ्या घरचे अजून विचारतात, कसं सुचलं म्हणून.”

अपील हे शेवटचं दार होतं. ते बंद झालं की ती चौकट कुणीही आपापल्या टीव्हीत खिळवावी आणि चष्मेवाल्यांनी ती दुकानांच्या काचेतून बघत उभं राहावं. एका टीव्ही कंपनीने नमुना मागवून घेतला होता आणि ‘पेटंट मिळालं की बोलू’ असं कळवलं होतं. पेटंट नाही मिळालं तर ती न बोलताच काम उरकणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, साहेबांचं ‘हॅ’ कायमचं कायद्यात बसणार होतं.

वकीलबाईंची कचेरी एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होती. त्यामुळे पक्षकार कितीही चिडून आला तरी जिना चढेपर्यंत त्याला भूक लागलेली असे आणि तो थोडक्यात बोलत असे. बाईंनी नकार वाचला, नमुन्याचा रिमोट दाबून पाहिला आणि म्हणाल्या, “छान आहे. फारच छान आहे. हाच घोळ आहे.”

“म्हणजे?”

“एकदा पाहिलं की माणसाला वाटतं, यात काय आहे! मंडळालाही तेच वाटणार. तेव्हा एक करा. तिथे तुम्ही काही समजावून सांगायचं नाही. तुम्ही फार चांगलं समजावता. तुम्ही समजावलंत की आपण हरलो.”

चष्मेवाल्यांनी जन्मभर ‘हे असं, आणि हे असं’ करूनच पोट भरलं होतं. त्यांनी दुखावल्या चेहऱ्याने मान हलवली.

“आपल्याला साक्षीदार लागेल,” बाई म्हणाल्या. “कायद्यात एक माणूस असतो, सर्वसामान्य कौशल्याचा. धंद्यातलं सगळं त्याला येतं. आधीची सगळी पेटंटं त्याने वाचलेली असतात. नेमून दिलेलं काम चोख करतो. फक्त स्वतःचं असं त्याला कधी काही सुचत नाही. असा कुणी शपथेवर म्हणाला पाहिजे की मला हे सुचलं नसतं. पण असा माणूस खऱ्या जगात मिळणं—”

“आहे,” चष्मेवाले म्हणाले.

“कुठे?”

“आमच्या थोरल्या मेव्हणीच्या घरी.”

बरोबर आलेल्या बायकोने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पण बाईंनी तोवर लिहून घ्यायला सुरुवात केली होती. रिमोटच्या कारखान्यात नोकरी, विभागप्रमुख, आता निवृत्त, म्हणजे मालकाची आडकाठी नाही. “अहो, हा तर सोन्यासारखा साक्षीदार आहे,” बाई म्हणाल्या. “ते तयार होतील ना?”

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. खालून भट्टीतल्या पावाचा वास आला.

साहेबांकडे जायचं ठरलं तेव्हा आत शिरताना कोण आधी बोलणार यावर वाटेत वाद झाला आणि तो बायकोने, म्हणजे दोघी बहिणींतल्या धाकटीने, जिंकला. म्हणजे बोलायचं तिनेच असं ठरलं. साहेब खिडकीपाशी बसून एका बंद पडलेल्या रिमोटचं पोट उघडून बघत होते. कारखाना सुटला तरी त्यांचा हात सुटला नव्हता. ओळखीपाळखीचे सगळे रिमोट त्यांच्याकडे येत आणि परत जाताना उपदेश घेऊन जात.

“भाऊजी, तुमच्याकडे एक काम होतं,” धाकटी म्हणाली. “तुमच्याशिवाय होण्यासारखं नाही.”

साहेब खुलले. “बोल ना. बटण अडकतंय?”

“बटण नाही. तुम्ही फक्त मंडळापुढे सांगायचं की यांचा तो शोध तुम्हाला सुचला नसता.”

साहेबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. स्क्रू टेबलावरून घरंगळत खाली गेला, पण कुणी वाकलं नाही.

“मला?”

“हो.”

“सुचला नसता?”

“एकदाच म्हणायचं, भाऊजी.”

“अगं पण सुचला असता! मी त्याच दिवशी म्हटलं होतं. साडूभाऊ, साक्षीला आहात तुम्ही.”

“साक्षीला तुम्हालाच न्यायचंय,” चष्मेवाले म्हणाले, आणि आपण गप्प बसायचं ठरलं होतं हे आठवून पंख्याकडे बघू लागले.

साहेबांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा मागितला. ते वाचत गेले तसा त्यांचा खालचा ओठ पुढे येत गेला. “‘मी या क्षेत्रातील सर्वसामान्य कौशल्याचा इसम असून...’ इसम? बरं, इसम राहू दे. पण सर्वसामान्य? मी गेल्यावर माझ्या जागी दोन माणसं नेमावी लागली होती.”

“ते दोघं मिळून सर्वसामान्य असतील,” चष्मेवाले पंख्याला म्हणाले.

“‘असामान्य’ घाला, सही करतो.”

“असामान्य माणूस कायद्याला चालत नाही हो भाऊजी.”

“मग ‘अग्रगण्य’.”

“तेही नाही.”

“‘मान्यवर’? निदान ‘मान्यवर सर्वसामान्य’?”

आतून थोरली हात पुसत बाहेर आली. ती सगळं ऐकत होती हे तिने लपवलं नाही. “मी एक विचारू?” ती म्हणाली. “तुम्हाला सुचलं असतं म्हणता. तुमचा जन्म गेला रिमोटात. मग सुचलं का नाही?”

असा प्रश्न घरात कुणी साहेबांना कधी विचारला नव्हता. चष्मेवाले, अर्थात, सकाळसंध्याकाळ मनात विचारत. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग त्यांनी पेन मागितलं आणि सही केली. सही मात्र एवढी मोठी केली की ‘सर्वसामान्य’ हा शब्द तिच्या शेपटाखाली जवळजवळ झाकला गेला.

सुनावणीची खोली लांबट होती. एका टोकाला तीन सदस्यांचं मंडळ, दुसऱ्या टोकाला भिंतीवर भला थोरला टीव्ही, मध्ये टेबलं. मागच्या खुर्च्यांवर दोघी बहिणी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चष्मेवाल्यांच्या वाट्याला आलेली खुर्ची जरा हललं तरी कण्हायची. त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय ते मंडळाला कळत राहिलं. मंडळाचे अध्यक्ष वयस्क आणि शांत होते. दर थोड्या वेळाने ते चष्मा नाकावर वर ढकलत. चष्मेवाल्यांना तो बघवेना. पॅड सैल झालेत, त्यांच्या मनात आलं, दोन मिनिटांचं काम आहे. खुर्ची कण्हली.

परीक्षक तरुण होता, इस्त्रीच्या शर्टातला, अतिशय नम्र. नम्र विरोधकाइतकी भीती चष्मेवाल्यांना कुणाची वाटत नसे, कारण तसली गिऱ्हाइकं पैसे परत घेऊनच जात. त्याने दोन जुनी पेटंटं टीव्हीवर दाखवली. मग ‘अपीलकर्त्यांनी अत्यंत सुबकपणे या दोन्हींची सांगड घातली आहे’ असं म्हणत अपीलकर्त्यांची इतकी स्तुती केली की शोधाचं काही शिल्लकच राहिलं नाही.

वकीलबाई उठल्या. पहिल्या पेटंटात चौकट पळते, ती पळावी म्हणूनच ते पेटंट आहे, तिला बांधून ठेवा असं त्यात कुठेही सुचवलेलं नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग साक्षीदाराला बोलावलं.

साहेब कोट घालून आले होते. प्रतिज्ञापत्रातलं वाक्य त्यांनी म्हणून दाखवलं, पण ‘सर्वसामान्य’ हा शब्द एवढ्या हळू उच्चारला की टंकलेखिकेने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा सांगताना तर त्यांनी खोकला काढला.

आता परीक्षकाची पाळी होती. तो साहेबांपुढे जवळजवळ वाकलाच.

“सर, आपण कारखान्यात विभागप्रमुख होतात?”

“होतो.”

“आपल्या हाताखाली बरीच माणसं शिकली असतील?”

“पुष्कळ.” साहेब किंचित ताठ झाले.

“आपण निवृत्त झाल्यावर तिथे अडचण झाली असेल.”

“दोन माणसं नेमावी लागली.”

वकीलबाईंनी डोळे मिटले. वाघाला पिंजऱ्यात घ्यायचं तर त्याला भूक लागावी लागते. साहेबांना नुसतं ‘सर’ म्हटलं की पुरत होतं.

“मग सर, हा नमुना आपण प्रथम पाहिलात तेव्हा आपल्यासारख्या जाणकाराची पहिली प्रतिक्रिया काय होती? शपथेवर आहात म्हणून विचारतो, नाहीतर धाडस झालं नसतं.”

चष्मेवाल्यांची खुर्ची कण्हायची थांबली.

“मी म्हणालो,” साहेब म्हणाले, “हॅ. हे तर कुणालाही सुचलं असतं.”

“धन्यवाद, सर,” परीक्षक म्हणाला आणि खाली बसला. टंकलेखिकेने मान वर करून विचारलं, “‘हॅ’ पण घ्यायचं?” अध्यक्ष म्हणाले, “घ्या.”

मागच्या खुर्चीवर धाकटीने ताईचा हात धरला, तो आधारासाठी की चिमटा काढण्यासाठी हे कळायला मार्ग नव्हता. चष्मेवाले समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत होते. टीव्ही कंपनी, पेटंट, ती चौकट, सगळं एका ‘हॅ’वर गेलं होतं. नवल म्हणजे त्यांना राग आला नाही. नुसतं थकल्यासारखं झालं.

साहेब साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरायला निघाले तेवढ्यात अध्यक्षांनी चष्मा वर ढकलला. “थांबा. मला एक कळत नाही. कुणालाही सुचलं असतं, आणि तुम्ही तर विभागप्रमुख. मग तुमच्या कारखान्याने हे का केलं नाही? कुणाची तक्रारच नव्हती का?”

तोच प्रश्न. घरी सही करून सुटता आलं होतं. इथे सही आधीच झालेली होती.

“तक्रारी होत्या,” साहेब म्हणाले.

“कसल्या?”

“चौकट हरवते म्हणून. पोत्यांनी येत होत्या. मालकांनी मलाच सांगितलं, यावर काहीतरी काढा.”

“काय काढलंत?”

साहेबांनी मागे बसलेल्या बायकोकडे एकदा पाहिलं. “आधी चौकट लाल केली. मग ती लुकलुकणारी केली. लोकांचे डोळे दुखायला लागले. मग मोठी केली. ती एवढी मोठी झाली की खालचं नाव दिसेना.”

“मग?”

“मग तिला आवाज दिला. हलली की टुंग करायची. एका घरात म्हणे मांजर टीव्हीवर धावून गेलं. तो आवाज काढला.” साहेबांचा स्वर खाली खाली जात होता. “शेवटी आम्ही रिमोटबरोबर छापील सूचना द्यायला लागलो.”

“काय सूचना?”

“‘चौकट हरवल्यास घाबरू नये. शांतपणे पडद्याचे चारही कोपरे तपासावेत.’”

डावीकडच्या सदस्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“किती दिवस चाललं हे?” अध्यक्षांनी विचारलं.

“दिवस नाही. वर्षं. विभागातली सगळी हुशार पोरं लावली होती त्याच्यावर. आणि मी.”

“या सगळ्यात चौकट एका जागी थांबवावी असं कुणाला—”

“नाही,” साहेब म्हणाले. आता त्यांनी आवाज लपवला नाही. “आम्ही सगळे तिच्या मागे धावत होतो. ती पळतेच, हे धरूनच चाललो होतो. तिला थांबवून बाकीचं हलवावं हे डोक्यात आलं नाही. पोरांच्या नाही, माझ्या तर नाहीच. साडूंकडे तो रिमोट हातात घेतला, यादी वरखाली करत राहिलो, आणि मला कळलं की हे मला मरेपर्यंत सुचलं नसतं.”

“मग तुम्ही ‘कुणालाही सुचलं असतं’ असं का म्हणालात?”

साहेबांना हा प्रश्न समजलाच नाही. त्यांनी अध्यक्षांकडे, मग बाकीच्या दोघांकडे पाहिलं, इतकी साधी गोष्ट या लोकांना कशी ठाऊक नाही अशा नजरेने.

“साडू आहेत ना ते माझे!” ते म्हणाले.

अध्यक्षांनी हळूहळू मान हलवली. त्या मान हलवण्यात कितीतरी लग्नसमारंभ होते, कितीतरी सासरवाड्या, आणि अध्यक्षांहून मोठी गाडी घेऊन येणारा कुणीतरी एक माणूस होता. ते परीक्षकाकडे वळले.

“तुम्हाला साडू आहेत?”

“नाही सर. लग्न व्हायचंय अजून.”

“मग या मुद्द्यावर तुम्हाला युक्तिवाद करता येणार नाही,” अध्यक्ष म्हणाले. “मंडळ या नात्याची आपणहून दखल घेत आहे. ‘हॅ’ला पुरावा म्हणून काही वजन नाही. बाकीच्याला आहे.”

बाहेर व्हरांड्यात चौघंही पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिली. थोरलीने नवऱ्याला ग्लास भरून दिला.

“एवढी वर्षं उशीर व्हायचा तुम्हाला,” ती म्हणाली, “तो ह्या चौकटीपायी?”

“हो.”

“आणि मी इकडे काय काय समजत होते!” तिचा चेहरा बऱ्याच काळाने मोकळा दिसला.

चष्मेवाल्यांना काहीतरी बोलायचं होतं. ‘आभारी आहे’ हे साडूला म्हणायचा प्रघात नाही. आपण जिंकलो की काय याचा आनंदही त्यांना नीट धरता येईना, कारण तो आनंद समोरच्या माणसाच्या खिशातून काढून घेतल्यासारखा वाटत होता. शेवटी ते पुढे झाले, साहेबांच्या नाकावरचा चष्मा काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, “काचांवर चरे पडलेत साडूभाऊ. नंबरही बदललाय तुमचा. दुकानात या. मी स्वतः बघतो.”

“पैसे घ्याल ना?”

“घेणार. पण नवी फ्रेम दाखवणार नाही.”

धंद्यातला माणूस याहून जास्त काय करणार? साहेबांना ते कळलं असावं. त्यांनी ‘हॅ’ केलं, पण त्यात जोर नव्हता.

यथावकाश मंडळाचा निकाल आला. अपील मंजूर. अनेकांनी प्रयत्न करूनही जे सुचलं नाही ते उघड म्हणता येत नाही, असं मंडळाने म्हटलं होतं. वकीलबाईंनी बेकरीतून केक मागवला, टीव्ही कंपनी बोलू लागली, आणि चष्मेवाल्यांनी निकालाची प्रत दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावली. जवळची नजर तपासायला ते गिऱ्हाइकांना तीच वाचायला लावत. काही जणांची नजर त्यामुळे गरजेपेक्षा जास्त तपासली जाई.

निकालाची दुसरी प्रत साहेबांकडे गेली होती. ती वाचून ते कुणाला न सांगता बेकरीवरचा जिना चढले.

“हे बघा,” त्यांनी वकीलबाईंपुढे बोट ठेवलं. “‘साक्षीदार सर्वसामान्य कौशल्याचे आहेत, याबद्दल मंडळाच्या मनात तिळमात्र शंका नाही.’ तिळमात्र! एवढी खात्री कशाला? मला या एका वाक्यावर अपील करायचंय.”

“तुम्हाला नाही करता येणार. तुमची बाजू जिंकली.”

“माझी कुठे जिंकली? साडूंची जिंकली.”

बाईंनी त्यांना बसवलं आणि केकचा तुकडा पुढे केला. “साहेब, नीट ऐका. हे पेटंट ज्या खांबावर उभं आहे ना, तो तुम्ही आहात. उद्या एखादी कंपनी उलटली आणि पेटंट पाडायला निघाली, तर ती पहिली कुणाच्या मागे लागेल? तुमच्या. तुम्ही मुळात फार हुशार होतात, त्या वेळी नुसते आळसावला होतात, असं त्यांनी दाखवून दिलं की तुमच्या साक्षीत दम उरत नाही. तेव्हा जपा.”

“काय जपू?”

“सर्वसामान्यपणा.”

“किती दिवस?”

“पेटंटची मुदत संपेपर्यंत. वीस वर्षं. त्यातली अर्ज केल्यापासून गेली ती वजा.”

साहेबांनी केक खाल्ला. उतरताना जिन्यावर ते दोनदा थांबले. परत वर मात्र गेले नाहीत.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी थोरली आणि साहेब धाकटीकडे आले. साहेबांच्या चष्म्याला नव्या काचा होत्या. टीव्ही कंपनीचा पहिला रिमोट येऊन पडला होता, आणि चष्मेवाले तो घेऊन घामाघूम झाले होते. यादी लहान होती तोवर सगळं झकास चालत असे. पण कंपनीने हजारो नावांची यादी घातली होती. बटण धरून ठेवलं की यादी सुसाट पळे आणि सोडेपर्यंत हवं ते नाव कुठल्या कुठे मागे गेलेलं असे. मागे आणावं तर ते पुढे पळे. कंपनी म्हणत होती, यावर काहीतरी काढा.

साहेब सोफ्यावर बसून बघत होते. पहिल्या खेपेला त्यांनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या खेपेला ते पुढे सरकले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की थोरलीने चहाचा कप खाली ठेवला.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“काहीतरी सुचलंय तुम्हाला.”

“मला?” साहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. “मला कुठून सुचणार?”

चष्मेवाल्यांनी मान वळवली. चष्म्याच्या धंद्यातल्या माणसाला डोळे वाचता येतात, आणि नव्या काचांमागे साहेबांचे डोळे अगदी स्वच्छ दिसत होते. या माणसाला उत्तर ठाऊक होतं. पुरतं ठाऊक होतं. आणि ते ओठांच्या आतल्या बाजूला येऊन उभं होतं.

“साडूभाऊ,” चष्मेवाले म्हणाले, “सांगा ना.”

“छे छे. असली कामं असामान्य माणसांची.”

“अहो, घरातच आहोत आपण. कोण ऐकतंय?”

“नको. तुमच्या पेटंटचा प्रश्न आहे. मी खांब आहे.”

“भाऊजी, निदान खूण तरी करा,” धाकटी म्हणाली.

साहेबांनी ओठ मिटले आणि मान हलवली. इतक्या समाधानाने ते सासरच्या कुठल्याही समारंभात बसलेले कुणी पाहिले नव्हते. पडद्यावर नावं धावत होती, चष्मेवाल्यांचा अंगठा दुखायला लागला होता.

“मग विचारू तरी कधी?” त्यांनी रडकुंडीला येऊन विचारलं.

साहेब उठले, कोटाची बटणं लावली आणि थोरलीला म्हणाले, “चल गं, निघू या.” दारात चपला घालता घालता त्यांनी मनाशी पेटंटच्या वीस वर्षांचा हिशोब केला, त्यातून गेलेली वर्षं वजा केली, आणि साडूला अगदी प्रेमाने तारीख सांगितली.